पहिल्या शिवीलाच शिट्टी हवी

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, महेंद्र गायकवाडने शिवीगाळ केली. राज्य कुस्तीगीर संघाने दोघांना ३ वर्षांसाठी निलंबित केले. २०१८ मध्ये हीच स्पर्धा जालन्यात भरली होती. मोठे मल्ल जे करतात, तेच शाळेच्या मैदानावर उमटते.

चौदा-पंधराव्या वर्षी रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का झालेला नसतो. त्याला पंचविशी उजाडते. पंचांचा निर्णय विरोधात गेला, की ॲड्रेनालिन वाढते, नाडी धावते आणि शिवी निसटते. हे कारण झाले, सबब नव्हे. या वयात पुढच्या वर्षीच्या बंदीपेक्षा आत्ताची छोटी शिक्षा लवकर कळते. कबड्डीत पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू २ मिनिटे बाहेर बसतो. तेवढ्यात श्वास बसतो, डोके थंड होते.

शालेय स्पर्धांतील पंचांनी हा नियम सामन्याआधीच सांगावा आणि पहिल्याच शिवीला, आवाज न चढवता, लागू करावा. संघाचा हुकमी खेळाडू असला तरी सूट नको. कडेला उभे राहून ओरडणाऱ्या पालकांना आणि प्रशिक्षकांनाही समज द्यावी. पहिली शिवी कानाआड केली, तर पुढे लाथेपर्यंत मजल जाते.