पत्ता चुकलेले इन्शुलिन

विनोबांचे जन्मगाव गागोदे बुद्रुक आपल्या पेण तालुक्यातले. पत्र लिहिताना 'बुद्रुक' हा शब्द राहिला, तर टपाल खुर्दला जाण्याचा संभव. आतला मजकूर कितीही चांगला असला तरी उपयोग काय? आपल्या पेशींचा कारभारही असाच पत्त्यावर चालतो.

पेशीत हजारो प्रकारची प्रथिने तयार होतात. काहींनी पेशीतच राहायचे, काहींनी बाहेर रक्तात जायचे. प्रथिनाच्या टोकाला अमिनो आम्लांची छोटी मालिका असते, तोच त्याचा पत्ता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील डॉ. गुंटर ब्लोबेल यांनी १९७१ मध्ये डेव्हिड साबातिनी यांच्यासह ही कल्पना मांडली, पुढे प्रयोगांनी सिद्ध केली. त्यासाठी त्यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इन्शुलिनचेच पाहा. स्वादुपिंडात आधी ११० अमिनो आम्लांची साखळी तयार होते. त्यातली पहिली २४ म्हणजे पत्ता. साखळी योग्य कप्प्यात शिरली की पत्र पोहोचल्यावर पाकीट फाडावे तसा हा तुकडा कापला जातो. आणखी काटछाट होऊन ५१ अमिनो आम्लांचे इन्शुलिन उरते.

या पत्त्यात जन्मजात चूक असेल तर इन्शुलिन पुरेसे तयार होत नाही आणि काही बाळांना पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. आजार दुर्मीळ आहे, पण ओळखला नाही तर जिवावर बेततो. मधुमेह हा म्हाताऱ्यांचा, गोडखाऊंचा, असा आपला समज. त्यामुळे बाळ सारखे लघवी करते, दूध पिऊनही वजन घटते, धाप लागते, तरी घरचे दृष्ट काढतात आणि आम्ही डॉक्टर कफाचे औषध देतो.

माझे स्पष्ट मत आहे : अशा बाळाच्या रक्ताचा एक थेंब त्याच दिवशी ग्लुकोमीटरवर तपासलाच पाहिजे. खाजगी दवाखाना असो वा प्राथमिक आरोग्य केंद्र, हा नियमच व्हावा. खर्च किरकोळ, वेळ एका मिनिटाचा.

सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघाला तर जनुकीय तपासणीही करून घ्यावी. दोष दुसऱ्या काही जनुकांत असेल तर इंजेक्शनऐवजी गोळ्यांवर भागू शकते. इन्शुलिनच्या जनुकातच असेल तर बहुधा इंजेक्शनच लागते. मात्र स्वतःच्या मनाने इन्शुलिन कधीही बंद करू नये.

आणि सासूबाईंना एक विनंती. हा दोष सुनेच्या खाण्यापिण्यातून येत नाही. तिला बोल लावण्यात वेळ घालवू नका, बाळाला दवाखान्यात आणा.