एकाच शिडीवरून
चेन्नईच्या टी. नगरातल्या पाँडी बाजारात या आठवड्यात एका पोऱ्याने दुकानावरची दिवाळीची माळ उतरवली आणि त्याच शिडीवरून, खालीही न येता, नाताळची कागदी चांदणी टांगली. नोव्हेंबर अजून अर्धाही सरलेला नाही! ही घाई मला मुळीच मान्य नाही. याच पेठेने आडी हा तमिळ महिनाही असाच पालटला: जुलै-ऑगस्टमधला हा महिना लग्नकार्याला वर्ज्य, म्हणून पूर्वी गिऱ्हाईक नसलेला; आज त्याच महिन्यात सवलतींपायी रंगनाथन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. तिथे निदान रिकामा महिना भरला. नाताळाआधीचे चार रविवार मात्र रिकामे नाहीत, ख्रिस्ती परंपरेत तो आगमनकाळ, प्रार्थनेचा आणि वाट पाहण्याचा. ती वाट पाहणंच दुकानांनी गिळलं. चांदणी जरूर घ्या, पण डिसेंबर लागू द्या.