डीजे भाड्याचा, विद्या घरची

जयंतीची वर्गणी मागत आम्ही पालीत दारोदार फिरलो. आयाबहिणींनी मजुरीतले पैसे काढून दिले. पोरांचा मात्र एकच धोशा : यंदा डीजे मोठा हवा!

आम्ही त्यांना लंडनच्या 'एशियन डब फाउंडेशन'ची हकिगत सांगितली. तिथे आशियाई मुलांना संगीताची यंत्रे शिकविण्याचा वर्ग होता. अनिरुद्ध दास शिकवीत, दीदार झमान शिके. १९९३ साली गुरु-शिष्यांनी मिळून बँड उभारला. नाचाच्या ठेक्यावर वंशभेदाला जाब विचारला. १९९८ चा त्यांचा 'राफीज रिव्हेंज' हा अल्बम मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत गेला.

बांधवांनो, भाड्याचे भोंगे एका रात्रीत पैसाही खातात, कानही. निम्मे पैसे वाचवून पोरांसाठी कीबोर्ड आणि संगणक घेऊ या. ठेका त्यांच्या अंगात आहेच. विद्या तेवढी द्यायची आहे.