फळीचा आधार



सुरत शहरातून तापी ओलांडून हजीऱ्याच्या दिशेने निघाले म्हणजे वाटेत इच्छापोर हे गाव लागते. त्याच्या पुढे नदी समुद्रास मिळते. मुखाच्या एका अंगास हजीरा, दुसऱ्या अंगास डुमस. हे पाणी पूर्वीपासूनच फसवे. मुखाशी वाळूचे बांध असल्यामुळे जुन्या काळी मोठी गलबते सुरतेच्या धक्क्यापर्यंत न येता सुवाळीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकीत. त्यातच जवळ खंबायतचे आखात. तेथील भरती-ओहोटी आपल्या देशात सर्वांत प्रबळ मानली जाते. अमावास्या व पौर्णिमा या दिवसांच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाणी नुसते चढत-उतरत नाही, तर धावते. उत्तम पोहणाराही त्या धावेसमोर टिकत नाही.

या किनाऱ्यावर घडलेली एक सत्य घटना आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो. ती होडीची नाही. परंतु होडीवाल्याने तीपासून शिकावे असे पुष्कळ आहे.

29 सप्टेंबर 2023 चा दिवस. त्या दिवशी भाद्रपदी पौर्णिमा होती, आणि आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते. सुरतेतील एक मुलगा, वय अवघे तेरा-चौदा वर्षांचे, आपल्या आजीसमवेत व भावंडांसमवेत डुमसच्या किनाऱ्यावर गेला. पाण्यात खेळता खेळता तो ओढला गेला व दिसेनासा झाला. शोध झाला, रात्र झाली, आणि घरच्यांनी काय समजावयाचे ते समजून घेतले. परंतु मुलगा जिवंत होता. विसर्जित मूर्तीचा लाकडी सांगाडा तरंगत असता त्याच्या हाती लागला आणि त्याने तो सोडला नाही. सारी रात्र व दुसरा दिवस त्याने त्या लाकडावर काढला. अखेर भर समुद्रात नवसारीकडील मच्छीमारांच्या दृष्टीस तो पडला. त्यांनी नौका वळविली, त्यास वर घेतले, आणि धोलाई बंदरावर सुखरूप आणून पोहोचविले.

वाचकहो, या मुलाजवळ काय होते? बळ नव्हते, अनुभव नव्हता, सोबतही नव्हती. तरंगणारी एक वस्तू होती, आणि ती न सोडण्याचा निश्चय होता.

आता आपल्या गावांकडे वळू. वसईपासून उत्तनपर्यंत आपल्या कितीतरी घरांची चूल समुद्रावर पेटते. पूर्वी होडीवर बाप, मुलगा, पुतण्या असे तिघे-चौघे असत. आता मुले शिकली, नोकरीस लागली. ही आनंदाचीच गोष्ट होय. पण म्हातारा बाप लहानशी होडी घेऊन पहाटे एकटाच निघतो. भिजलेले जाळे ओढताना तो एका कडेवर वाकतो, सारा भार त्याच बाजूस येतो. तेवढ्यात आडवी लाट येते आणि होडी उलटते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावते व वारा त्यास आत लोटतो. तेथे लाटा उंच व उभ्या होतात, म्हणून ती जागा अधिकच घातक. दुसरा माणूस असता तर त्याने तोल सावरला असता, दोर फेकला असता. एकट्यास कोण दोर फेकणार?

होडी उलटल्यावर मनुष्यास पहिला मोह होतो तो किनाऱ्याचा. दिवे दिसतात, देवळाचा मनोराही दिसतो, आणि वाटते, हे अंतर ते किती! हाच मोह प्राण घेतो. पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासते, आणि ओहोटीविरुद्ध पोहणारा बहुधा जागच्या जागी दमतो. लाकडाची होडी उलटली तरी सहसा बुडत नाही. तिला धरून राहावे. जमल्यास तिच्या पाठीवर चढून अंग शक्य तितके पाण्याबाहेर ठेवावे, कारण आपल्या उबदार समुद्रातही कित्येक तासांनी अंगातील ऊब जातेच. कपडे काढू नयेत. जाळ्यात पाय गुंतला तर कापण्यासाठी कमरेस सुरी असावी. खारे पाणी पिऊ नये. उगाच ओरडून दम घालवू नये. नौका जवळ आली म्हणजे शिटी वाजवावी, रंगीत वस्त्र हालवावे. लाटांत माणसाचे डोके नारळाएवढे दिसते. उलटलेली होडी दुरून दिसते. आणि हेही ध्यानी ठेवावे, की साधारण सहा तासांनी पाणी फिरते. जे पाणी बाहेर नेते, तेच पुष्कळदा किनाऱ्याकडे परत लोटू लागते.

पवित्र शास्त्रातही नेमकी हीच गोष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय घरी उघडून वाचावा. संत पौल ज्या तारवातून रोमेस जात होते, ते चौदा दिवस वादळात सापडले. खलाशी लहान होडी सोडून निसटू पाहत होते. तेव्हा पौलांनी शताधिपतीस बजावले की, हे लोक तारवावर राहिले नाहीत तर तुमचाही बचाव व्हावयाचा नाही. त्यांना देवदूताने अभय दिले होते; तरी ते हात जोडून बसले नाहीत. उपाशी माणसांना त्यांनी आधी खावयास लावले. पुढे तारू फुटले, तेव्हा पोहता येणारे पोहून गेले, आणि बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर तरंगत किनाऱ्यास लागले. 276 जणांपैकी एकही दगावला नाही. देवाने आपले वचन पाळले ते फळ्यांच्या द्वारे!

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. जुलै 2019 मध्ये बंगालमधील काकद्वीपकडील एक ट्रॉलर उलटला. त्यातील एक कोळी बांबूच्या आधाराने व पावसाच्या पाण्यावर कित्येक दिवस तगला आणि चितगावच्या समुद्रात एका बांगलादेशी जहाजाने त्यास वाचविले. पण त्याच्यासोबत तरंगणारे सोबती एकेक करून गेले. त्याचा पुतण्या तर सुटका होण्याच्या थोडाच वेळ आधी गेला. त्यांचा धीर कमी होता काय? त्यांच्या आयांनी प्रार्थना केली नव्हती काय? असे कोण म्हणेल! म्हणून ज्या घरचे माणूस समुद्रावरून परतले नाही, त्या घरी जाऊन श्रद्धेच्या उणेपणाचा शब्दही कोणी काढू नये. त्या दारी मुकाट्याने बसावे, घरात काय कमी आहे ते पाहावे, आणि मृतासाठी मिस्सा अर्पावी. वाचणे ही कृपा आहे. ते बक्षीस नव्हे, आणि बुडणे ही शिक्षा नव्हे.

मग आपल्या हाती काय? आपल्या हाती फळी तयार ठेवणे आहे. एकट्याने जाणे टाळता येत असेल तर टाळावे. टाळता येत नसेल तर कोठे जातो व केव्हा परततो, हे घरी सांगून जावे. आणि वेळ टळली तर घरच्यांनी लाजेखातर वाट पाहत न बसता तटरक्षक दलास 1554 किंवा सागरी पोलिसांस 1093 या क्रमांकावर कळवावे. लाइफ जॅकेट होडीत ठेवावयाचे नसते, अंगात घालावयाचे असते. झाकण घट्ट लावलेला एखादा रिकामा प्लास्टिकचा डबा होडीस दोराने बांधून ठेवावा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा. पावसाळ्यातील बंदी यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्याच्या होडीस नाही, असे काही जण म्हणतात; पण कायद्याने दिलेली सूट समुद्र मानीत नाही.

मुलांनो, तुम्ही नोकरीस गेलात याबद्दल कोणी तुम्हांस दोष देत नाही. परंतु सणाला बाबांसाठी सदरा आणता, तसे यंदा एक जॅकेट आणा. ‘मी काय लहान आहे?’ असे ते म्हणतीलच. आईने ते त्यांच्या अंगात घालून बंद बांधून द्यावेत. तिचा शब्द ते मोडणार नाहीत.

आणि शेवटी धोलाईच्या त्या नौकेची आठवण ठेवू या. पेत्र पाण्यात बुडू लागला तेव्हा प्रभूने आधी हात दिला, बोल मागाहून लाविला. नवसारीच्या मच्छीमारांनीही आधी हात दिला. मुलगा कोणाचा, कोठला, हे नंतर. आपल्या होडीवरून कधी पाण्यात काही काळे डोलताना दिसले, तर ओंडका असेल म्हणून पुढे जाऊ नका. वळा आणि पाहा. कोणाची तरी आई दिवा लावून बसलेली असेल.