आळस नेमका कोणाचा?

मार्गशीर्ष लागला की अंबरनाथ-बदलापूर परिसरात पारा उतरू लागतो. मुंबईकर पंखा लावून झोपतो त्याच रात्री बदलापुरात गोधड्या निघतात. एखाद्या वर्षी तापमान दहा-अकरा अंशांपर्यंतही खाली येते. याच सुमारास उपदेशकांचा हंगामही सुरू होतो. ‘थंडी हा धावण्याचा ऋतू’, ‘पहाटे पाचला अंथरूण सोडा आणि धावू लागा’ असे वृत्तपत्रांच्या पुरवण्या, बुटांचे दुकानदार आणि घरोघरीचे हितचिंतक एका सुरात सांगू लागतात. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असते. २००४ साली ती सुरू झाल्यापासून धावणे ही मध्यमवर्गाची प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे. आणि मग जो पहाटे उठत नाही, तो आळशी ठरतो.

हा आळशीपणाचा आरोप एकदा तपासून पाहिला पाहिजे.

उपदेश मुळात खोटा नाही. वाग्भटाने शीतकाळ आणि वसंत हेच भरपूर व्यायामाचे ऋतू मानले आहेत. मात्र तेव्हाही बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, अशी मर्यादा त्याने घातली आहे. ही अर्धी शक्ती ओळखायची कशी, तेही आपल्या आचार्यांनी सांगून ठेवले. सुश्रुताच्या मते श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की अर्धे बळ खर्ची पडले. धावताना बोलता आले पाहिजे, हा आजच्या प्रशिक्षकांचा नियम याहून फारसा वेगळा नाही. परदेशात १९९६ साली जॉश क्लार्क याने नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा क्रम आखला, तोही असाच: आठवड्यातून तीनच दिवस, थोडे धावणे, थोडे चालणे, पुन्हा थोडे धावणे. पहिल्याच दिवशी ऊर फुटेस्तोवर पळून तिसऱ्या दिवशी गुडघे धरून बसणाऱ्या उत्साही मंडळींनी हे ध्यानी घेतले तर बूट माळ्यावर जाणार नाहीत. रक्तदाब, मधुमेह वा दमा असलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण थंड हवेने रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका आकुंचन पावतात. असो. एवढे शिकायला कोणी तयार आहे. प्रश्न त्याच्यापुढचा आहे.

अंबरनाथ पूर्वेला राहणारा, मुंबईत नोकरी करणारा एखादा चाळिशीतला गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस साठ किलोमीटर. सातच्या आत त्याला गाडी गाठायची असते आणि रात्री घरी यायला आठ-नऊ वाजतात. धावण्यासाठी त्याच्या हाती उरतो तो पहाटेचा काळोख. आणि हिवाळ्यात या पट्ट्यातील हवा नेमकी याच घटकेला सर्वांत वाईट असते! रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते आणि वारा तर नसतोच. कारखान्यांचा वायू, वाहनांचा धूर, जाळलेल्या कचऱ्याची राख हे सारे त्या झाकणाखाली कोंडून राहते. सूर्य चांगला वर आल्याखेरीज ते सुटत नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. धावताना हाच आकडा चाळीस-पन्नासवर जातो आणि नवखा धावक नाकाची गाळणी सोडून तोंडानेच श्वास घेतो. आरोग्य कमावण्यास निघालेला माणूस घरी काय घेऊन येत असेल, याचा हिशेब कोणी मांडावा?

हे कल्पनेचे खेळ नव्हेत. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावे होती. डोंगरांच्या कुशीतले, मोकळ्या हवेचे म्हणून ज्या बदलापुरात मुंबईकरांनी घरे घेतली, ते बदलापूर! २००१ साली लाखाच्या आत असलेली तेथील लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मोकळी हवा मात्र जाहिरातीच्या फलकावरच राहिली.

आणि वालधुनी? अंबरनाथच्या शिवमंदिराला, शके ९८२ च्या त्या शिलाहारकालीन शिल्पवैभवाला, वळसा घालून जाणारी ही नदी उल्हासनगरात शिरेपर्यंत नाला होते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस, अशाच थंडीच्या एका पहाटे, तिच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वास कोंडून रुग्णालय गाठावे लागले. ती माणसे धावत नव्हती, आपापल्या घरात झोपली होती. त्या पहाटे कोणी नवशिका नदीकाठच्या रस्त्याने धावत असता तर?

हवा क्षणभर बाजूला ठेवली तरी धावायचे कोठे? उल्हासनगर ही मुळात महायुद्धकाळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी तेथे कष्टाने शहर उभारले. तेरा-एक चौरस किलोमीटरच्या त्या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसे राहतात. गोल मैदानासारख्या मोजक्या जागा सोडल्या तर पाय मोकळे करायला जागा नाही. २००६ साली राज्याने उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. इमारती नियमित करता येतात. बांधकामाखाली गेलेले मैदान कोणत्या कायद्याने परत मिळते? तिन्ही शहरांत पदपथ आहेत, पण त्यांवर टपऱ्या आहेत, दुचाक्या आहेत आणि उघडी गटारझाकणे आहेत. अंधारात तेथे धावणारा पहिल्याच आठवड्यात घोटा मुरगाळून बसला तर नवल नाही. स्त्रियांनी त्या काळोख्या रस्त्यावर एकटीने धावावे, असे सुचवण्याचे धाडस तर एकाही उपदेशकाला होत नाही.

यावर ठरलेले उत्तर मिळते: इच्छा असेल तर मार्ग सापडतो, सबबी सांगू नयेत. ज्यांच्या सोसायटीत हिरवळ आणि दारात मोटार आहे, त्यांना हे शोभतेही. पण समर्थांनी बलोपासना सांगितली तेव्हा नुसती इच्छा धरा असे सांगून ते थांबले नाहीत; गावोगावी मारुती स्थापिले, लोकांना जमण्यासाठी ठिकाण दिले. आज करदात्याला असे ठिकाण देणे ज्यांचे कर्तव्य आहे, ती पालिका वर्षाकाठी मॅरेथॉनचा एक दिवस साजरा करते, फुगे सोडते, पदके वाटते आणि उरलेले ३६४ दिवस मैदान मंडपवाल्याच्या स्वाधीन करते. त्या एका दिवशी रस्ता झाडला जातो, दिवे लागतात, वाहतूक अडवली जाते. म्हणजे हे करता येते तर!

मागणी फार मोठी नाही. पालिकांच्या शाळांची मैदाने सकाळी पाच ते सात उघडी ठेवावीत आणि तेथे दिवे लावावेत. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यावर, मग तो पालिकेचाच सफाई कामगार का असेना, कारवाई व्हावी. रात्री फिरणाऱ्या रसायनांच्या टँकरांवर पहारा हवा. हवेच्या नोंदी प्रभागनिहाय फलकावर रोज लागाव्यात. नागरिकांनीही आपल्या सोसायटीचा पालापाचोळा भल्या पहाटे पेटवून वर शेकोटीची मौज लुटणे थांबवावे. हा अपराध आपल्याच दारातला आहे.

तोवर नवशिक्याने रविवारी ऊन वर आल्यावर, हमरस्ता आणि औद्योगिक वसाहत टाळून, अर्ध्या शक्तीने सुरुवात करावी. उरलेल्या दिवशी घरात सूर्यनमस्कार आहेतच. आणि सोमवारी पहाटे बूट बांधून दाराशी आलेला अंबरनाथचा तो गृहस्थ जर हवेतला उग्र दर्प हुंगून मागे फिरला, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी घरच्यांनी एकदा खिडकी उघडून पाहावी.