थकीत पथकर आणि गाडीचे पासिंग

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुसरी सुधारणा अधिसूचित झाली, तिच्या अन्वये राष्ट्रीय महामार्गावरील पथकर ज्या वाहनाच्या नावे थकीत असेल, त्यास योग्यता प्रमाणपत्र, राष्ट्रीय परवाना अथवा हस्तांतरणाचा ना-हरकत दाखला मिळणार नाही. तासगावची द्राक्षे आणि वाळवा-कराडची साखर घेऊन तासवडे व आनेवाडी हे दोन्ही नाके रात्रंदिवस ओलांडणाऱ्या आमच्या वाचकांत या फर्मानाने अस्वस्थता पसरावी, हे स्वाभाविक आहे.

पथकर बुडविण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु थकबाकी ठरते कशी? नाक्यावरील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने गाडी गेल्याची नोंद केली आणि रक्कम जमा झाली नाही, एवढ्यावर बाकी सिद्ध होते. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता यंत्र टॅग नीट वाचत नाही, मागे रांग वाढते, कर्मचारी दांडा उचलून गाडी पुढे काढतो. टॅग चालू असून शिल्लक पुरेशी असताना यंत्रणा बंद असल्यास गाडी विनाशुल्क सोडून शून्य रकमेची पावती द्यावी, असा नियम २०१८ पासून आहे. तथापि ती पावती ना कर्मचारी देतो, ना चालक मागतो. पुढे पासिंगच्या दिवशी त्याच फेरीची बाकी निघाली, तर मालकाने पुरावा म्हणून दाखवावे काय?

ब्रेक, दिवे व सुकाणू यांची तपासणी ही रस्त्यावरील प्रत्येकाच्या जिवाशी निगडित बाब असून, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्राविना मालवाहू गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. अशी तपासणी वसुलीच्या तगाद्यासाठी ओलीस धरणे सर्वथा गैर आहे. आठ वर्षांवरील गाडीचे पासिंग तर दरसाल येते. बाकी नावे टाकण्यापूर्वी नाका, तारीख, वेळ व छायाचित्र यांसह मालकास नोटीस मिळावी आणि हरकतीस मुदत असावी, ही आमची मागणी आहे.

मात्र आपल्यातील काहींचा गाफीलपणाही आता खपवून घेण्याजोगा राहिलेला नाही. टॅग काचेला न चिकटविता हातात धरून दाखविणे, विकलेल्या गाडीचा टॅग बंद न करणे, साऱ्या गाड्या एकाच खात्यावर ठेवून ते कोरडे पडू देणे आणि मग सर्व टॅग एकदम काळ्या यादीत गेल्यावर अधिकाऱ्यांच्या नावाने ओरडणे, हे थांबवा! चालकांना बजावा की टॅग चालला नाही तर रोख दुप्पट भरू नका, यूपीआयने सव्वापट भरा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत आहे. शून्य रकमेची पावती बिल्टीसोबत जपून ठेवा. पासिंगच्या दोन महिने आधी टॅगचा उतारा काढून प्रत्येक फेरी ताडून पाहा, आणि चुकीची बाकी आढळल्यास बँकेकडे लेखी तक्रार करून तिची नक्कल आमच्याकडे धाडा. सातारा, कराड व सांगली येथील परिवहन कार्यालयांपुढे ही प्रकरणे आम्ही एकत्रित मांडणार आहोत.