‘डेट’मधला उपरा ‘बी’

इंग्रजी स्पेलिंगचे गोडवे गाणारे एक विद्वान परवा व्याख्यानात म्हणाले, की कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दात इंग्रजांनी न उच्चारला जाणारा ‘बी’ जपला, म्हणून त्याचं लॅटिन कूळ शाबूत राहिलं. आपण मात्र अनुस्वार टाकले आणि संस्कृतशी नातं तोडलं. टाळ्याही पडल्या.

जपला? जे जवळ नव्हतंच ते जपणार कसं? लॅटिन ‘देबितुम’मधला ‘ब’ फ्रान्सच्या बोलीत केव्हाच गळाला होता. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच इंग्लंडात रुजली आणि तिच्यातून हा शब्द इंग्रजीत आला तो ‘ब’शिवायच. चौदाव्या शतकातला चॉसर आपल्या व्यापाऱ्याच्या कर्जाबद्दल लिहितो, तिथे अक्षरं आहेत डी-ई-टी-टी-ई. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिनच्या अभिमान्यांनी ‘बी’ वरून घुसडला. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये होलोफर्निस नावाचा पंतोजी, लोक हा ‘ब’ उच्चारत नाहीत म्हणून चडफडतो. नाटक 1598 मध्ये छापलं गेलं. म्हणजे हा हट्ट तेव्हाही टिंगलीचाच विषय होता. फ्रेंचांनीसुद्धा मधल्या काळात हा ‘बी’ लिहून पाहिला आणि काढून टाकला. मग फ्रेंचांचं लॅटिनशी नातं तुटलं, असं हे विद्वान म्हणणार का?

कुळाची एवढी चाड होती, तर ‘रिसीट’मध्ये ‘पी’ आहे आणि ‘डिसीट’मध्ये का नाही? दोन्ही एकाच लॅटिन धातूचे. ‘आयलंड’ तर लॅटिनचा नव्हेच. ‘इन्सुला’चा ‘एस’ त्यात निव्वळ गैरसमजातून शिरला.

अनुस्वाराचा वाद जुनाच. 1962 च्या नियमांनी ‘पांच’, ‘दांत’ यांच्या डोक्यावरचं टिंब गेलं, तेव्हाही व्युत्पत्तीच्या नावानं गळे काढून झाले. ‘पाच’ लिहिल्यानं ‘पंच’ कुणाला परका झाला? आणि ते टिंब निदान जुन्या उच्चाराची खूण तरी होतं. ‘डेट’मधला ‘बी’ इंग्रजांच्या कुठल्याच पिढीच्या उच्चाराची खूण नाही.

व्युत्पत्ती जरूर शिकवावी. लॅटिनमधला तो ‘ब’ ‘डेबिट’ या शब्दात आजही खणखणीत ऐकू येतो. पासबुकातला ‘डेबिट’ आणि हा ‘डेट’ फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले, की एक शब्द फ्रेंचांच्या तोंडून आला आणि दुसरा लॅटिन रूप धरून राहिला, हे सातवीतल्या मुलालाही कळतं. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे: ‘बी सायलेंट’ म्हणून पुढे जाऊ नका, तो कधी घातला आणि का घातला, तेही मुलांना सांगा.